चमचा नसलेल्या गावाहून

कोलोन स्टेशन, फलाटावरचा बाक,
बुधवार, सकाळचे सहा

तीर्थरूप गेशेताईस,

धाकट्या एल्स्केचा वाकून नमस्कार. (खरं तर बसूनच. वाकायला उठले तर शेजारचा गृहस्थ या बाकावर आपली पिशवी ठेवेल, तो मघापासून टपलाय.) मी इकडे खुशाल आहे, आनंदात आहे, आणि डावा गुडघा सोडला तर बाकी सबंध शाबूत आहे. तुझी कंबर कशी आहे? तेल लावतेस की नुसतीच शेगडीला पाठ लावून बसतेस? ती एकडोळी कोंबडी अंड्यावर बसली का? आणि तुझा स्वयंपाकघरातला उन्हाळी पडदा, तो कोंबड्यांच्या चित्रांचा, सापडला का? मे उजाडला की तू तो लावतेस म्हणून विचारते. नसेल सापडला तर फार शोधू नकोस, कमरेला ताण. असेल कुठेतरी सुखरूप.

पत्र का, फोन का नाही, असं तू म्हणशीलच. फोनवर तू ‘हं’ म्हणतेस आणि आपटतेस. पत्र मात्र शेवटच्या टिंबापर्यंत वाचतेस, चुका काढायला का होईना. तर काढ चुका. माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. त्या वर्षी आपल्या घरी मास्तरांपेक्षा कोळंबीचं महत्त्व जास्त होतं, आणि कोळंबी सोलायला माझे हात तुझ्यापेक्षा चपळ होते हे आईसुद्धा म्हणायची. (तू तेव्हा खोलीत नव्हतीस.)

मूळ मुद्दा आधी मांडून टाकते, म्हणजे मग मला मोकळेपणी भरकटता येईल. इन्साच्या पोरीचा बाप्तिस्मा अकरा दिवसांनी, पुढच्या रविवारी, लिऑनला आहे. इन्सा माझी नात खरी, पण वाढली तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या पदराला धरून. तिने धर्ममाता म्हणून तुझं नाव घातलं आणि तू म्हणालीस, ‘मी येणार नाही.’ का, तर दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, रेमीने, तुझ्या घरी चहा पिताना तू ओतत असताना कपावर आडवा हात ठेवला. बस. तेव्हापासून तू त्याचं पत्र न फोडता परत पाठवतेस, इन्साचा फोन आला की कोंबड्यांकडे निघून जातेस, आणि पोरगी दोन महिन्यांची झाली तरी तिचं नाव काय हे तू मला एकदाही विचारलेलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही. मी पण त्याच आईची.

झबलं तेवढं तू दिलंस, काठावर पाच पिढ्यांच्या नावांची अक्षरं असलेलं. बाप्तिस्म्याचं झबलं टपालाने पाठवायचं नाही, घरच्याच माणसाच्या हाताने न्यायचं, हा आजीचा नियम तू मला दारात तीनदा ऐकवलास आणि तो खोका, दोरी बांधून, माझ्या हातात दिलास. तर ताई, झबलं सुखरूप आहे. हे खरं म्हणजे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. सुकं आहे, घडी मोडलेली नाही, आणि जिथे असायला हवं तिथेच आहे. काळजी नसावी.

आता कोलोनचं. तू कपाळ दुखलं की जे वासाचं पाणी लावतेस ना, ते या गावचं. इन्साने मला एक कागद पाठवला होता, मोठ्या अक्षरांत, मी जणू पार्सल आहे अशा भाषेत. मंगळवारी दुपारी दोनला कोलोन. स्टेशनच्या मागच्या हॉटेलात जायचं. डबा खायचा. कडी लावायची. झोपायचं. बुधवारी सकाळी पावणेआठला पॅरिसची गाडी, तिथे मी घ्यायला येते. मी हिशेब केला (बोटांवर, पण बरोबर): सतरा-अठरा तास! ताई, मी बहात्तर वर्षांची आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी अठरा तास दिलेत, ज्यांत कोळंबी नाही, गाय नाही, आजारी नवरा नाही आणि (रागावू नकोस) तू नाहीस. ते मी कडी लावून भिंतीकडे बघत घालवू? मी आपल्या एम्डनच्या फलाटावरच ठरवलं, अठरातला एक तासही फुकट जाऊ द्यायचा नाही. झोपसुद्धा कमीत कमी घ्यायची.

गाडीत खोका मांडीवर. समोरची बाई चांगली होती, पण तिला नीटनेटकेपणाची खोड. सारखी म्हणे, वर ठेवून देऊ का? मी म्हटलं, नको. म्हणे, जड होईल. मी म्हटलं, सवय आहे. तिकीट तपासणारा आला, तोही म्हणाला की आजी, खोक्याला वेगळी जागा हवी होती तर तिकीट काढायचं. मी त्याला तुझ्या कोंबडीचं एक उकडलेलं अंडं दिलं, मग तो काही बोलला नाही. (दुसरं मागत होता, मी दिलं नाही. ओळख एका अंड्याची, लाड दोन अंड्यांचे.)

हॉटेलात गेल्या गेल्या मी ‘मोइन’ म्हटलं. आपण दिवसभर मोइनच म्हणतो, आणखी काय म्हणणार? पण टेबलामागची मुलगी कुठल्या डोंगराकडची होती कोण जाणे. तिला वाटलं मी ‘शुभ सकाळ’ म्हणतेय, म्हणजे मी रात्रभर राहून आता निघालेय. ती किल्ली मागायला लागली, मी किल्ली मागायला लागले. दोघी हात पुढे करून उभ्या. शेवटी तिने वहीत बघितलं आणि म्हणाली, ‘अहो आजी, तुम्ही तर अजून आलाच नाहीत!’ मी म्हटलं, ‘मग आत्ता आले असं लिहा, आणि हसताय काय?’ पेटी तिच्याकडे टाकली. खोका काही दिला नाही. ती म्हणे, तिजोरीत ठेवते. मी म्हटलं, बाई, तिजोरी तुमची आहे, धाक माझ्या बहिणीचा आहे.

आणि मग मी देवळावर चढले. मोठ्या देवळावर, ज्याचे दोन मनोरे गाडीतूनच दिसतात. पाचशे तेहतीस पायऱ्या. तू मागच्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाली होतीस ना, की एल्स्केला आता गवताच्या माळ्यावरसुद्धा चढवत नाही? त्या वाक्याने मला पहिल्या दोनशे पायऱ्या चढवल्या. जिना म्हणजे शंखाच्या आत शिरल्यासारखा, गोल गोल, आणि तेवढ्याशा वाटेवरून चढणारेही जातात आणि उतरणारेही. खोका कधी भिंतीला घासतोय, कधी माझ्या पोटाला. तीनशेच्या आसपास वरून एक गृहस्थ आला, हिरवी टोपी, पोट माझ्या खोक्याएवढं. आम्ही दोघं अडकलो. तो पुढे येईना, मी मागे जाईना.

म्हणाला, ‘आजी, खोका उभा धरा, नाहीतर आपण दोघं इथेच म्हातारे होऊ.’

मी म्हटलं, ‘मी झालेच आहे. तुमचं तुम्ही बघा.’

‘आहे काय त्यात? केक?’

आणि त्याने बोटाने खोका दाबला, ताई! दाबला! माझा आवाज जरा चढला असेल. मी म्हटलं, ‘हात लावायचा नाही! यात आमच्या घरच्या पाच पिढ्या आहेत!’

त्याने एकदम टोपी काढली. भिंतीला असा चिकटला की त्याचं पोट कुठे गेलं मला कळलंच नाही. मग त्याने मागच्याला काहीतरी कुजबुजून सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला, आणि सगळा जिना वरपर्यंत शांत होत गेला. मी चढतेय आणि लोक भिंतीला टेकून, डोकी झुकवून वाट देतायत. मला वाटलं, बघा, मोठ्या गावात वयाचा केवढा मान राखतात! एक बाई माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, ‘वरच सोडणार का हो?’ मला वाटलं, खोक्याची दोरी. मी म्हटलं, ‘छे, इथे कशाला? पुढच्या रविवारी, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर.’ ती म्हणाली, ‘पाच पिढ्या... मोठं कुटुंब म्हणायचं.’ मी म्हटलं, ‘अहो, अजून वाढतंय, आत्ताच एक नवी आलीय.’ तिने डोळे टिपले. मीही टिपले, घामाने.

वर पोचले तेव्हा तिथला पहारेकरी टोपी हातात घेऊन पुढे आला आणि फार अदबीने म्हणाला, ‘आजीबाई, दुःखात सहभागी आहे. पण इथून राख उडवायला मनाई आहे.’

ताई, मी कठड्याला धरून हसले. इतकी हसले की एक कबुतर उडालं. तो बिचारा समजला दुःखाने वेड लागलं, त्याने मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी काही त्याला खुलासा केला नाही. उतरताना पुन्हा वाट मोकळी हवी होती.

मग नदीकाठी गेले. ऱ्हाइन मोठी आहे, आपल्या बंदराहून मोठी, होड्याही भरपूर. मी बाकावर बसले, बूट काढले आणि वाट बघत राहिले. तासभर. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, कोलोनचीच, हातात जाळीची पिशवी. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘कुणाची वाट बघताय?’

मी म्हटलं, ‘पाणी उतरायची.’

‘उतरतं की,’ ती म्हणाली, ‘ऑगस्टात.’

बघ ना! नदी आहे आणि तिला भरती-ओहोटी नाही. पाणी नुसतं एकाच दिशेला जातं, परत यायचं नावच नाही. मला फार विचित्र वाटलं. आपल्याकडे दिवसातून दोनदा समुद्र निघून जातो आणि दोनदा परत येतो, म्हणून आपल्याला वाटतं की गेलेलं सगळं आपोआप परत येणार, आपण नुसतं बांधावर हाताची घडी घालून उभं राहायचं. (हे वाक्य तुला उद्देशून नाही. आहे. पुढे वाच.) त्या म्हातारीनेच मला सांगितलं की भूक लागली असेल तर मागच्या गल्लीतल्या बिअरघरात जा, तिथले वाढपी उद्धट आहेत पण जेवण बरं. मी म्हटलं, उद्धटपणाचं काही नाही, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बहिणीच्या शेजारी राहते.

आता ताई, इथून पुढे नीट वाच. चष्मा पूस.

बिअरघरात लांब लांब टेबलं, सगळे एकमेकांना खेटून. वाढप्याला इकडे क्योबेस म्हणतात. निळा झगा, कमरेला चामड्याची पिशवी, चेहऱ्यावर आपण त्याची गाय विकली असावी असा भाव. माझ्या क्योबेसचं नाव ड्रिकेस. मी म्हटलं, मोइन. तो म्हणाला, ‘मोइन? आजी, सकाळ केव्हाच झाली. तुम्ही कुठल्या गाडीत अडकला होतात?’ मी म्हटलं, एम्डनच्या. तो म्हणाला, ‘मग बरोबर.’ मी पाणी मागितलं. तो म्हणाला, ‘पाय धुवायचेत का?’ आणि बिअर ठेवून गेला. लहानसा पेला, आपल्या औषधाच्या बाटलीएवढा उंच, सडपातळ. खायला मी पाटीवर वाचून ‘अर्धा कोंबडा’ मागितला, कारण सकाळपासून पोटात अंड्यांशिवाय काही नव्हतं, आणि मनात म्हटलं, अंडी झाली, आता त्यांचा बाप. त्याने काय आणावं? काळा पाव आणि त्यावर चीजचा जाड तुकडा! मी पाव उचलून खाली बघितलं. कोंबडा नाही. मी म्हटलं, ‘कोंबडा कुठाय?’ तो म्हणाला, ‘उरलेल्या अर्ध्याबरोबर पळाला.’ सगळं टेबल हसलं. इकडे चीजपावालाच अर्धा कोंबडा म्हणतात आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही. खाल्ला मी. चीज चांगलं होतं.

पण गोष्ट पेल्याची आहे. पहिला संपला, त्याने न विचारता दुसरा ठेवला आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दुसरी रेघ ओढली. मी म्हटलं, अगत्य आहे. दुसरा संपला, तिसरा आला. तीन तर घ्यायलाच हवेत, कोणाच्याही घरी तीन झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढं आईने आपल्याला शिकवलंय. तिसरा संपला आणि मी सवयीने चमचा शोधला, कपात ठेवून ‘पुरे’ म्हणायला. चमचा नव्हता. ताई, मी शेजारच्याच्या ताटात बघितलं, टेबलाखाली बघितलं. चमचा नाही! तोंडाने ‘नको’ कसं म्हणायचं? कुणाच्या घरी आपण तोंडाने ‘नको’ म्हणालोय कधी? चौथा आला. तो मी मान राखून संपवला, आणि मग मला युक्ती सुचली. पेल्यात काटा उभा केला. ड्रिकेस आला, पेल्यातल्या काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाचवा पेला घेऊन आला, बरोबर स्वच्छ काटा, रुमालात गुंडाळून. पुठ्ठ्यावर पाच रेघा. शेजारचे लोक मला वाहवा द्यायला लागले. एकजण म्हणाला, ‘समुद्राकडची आहे, कोरडी पडत नाही.’ मी सहावा प्यायले. माझं पोट ताशासारखं झालं होतं, कान गरम, आणि लांबून ड्रिकेस सातवा घेऊन येताना दिसला.

तेव्हा मी काय केलं असेल? पेल्यावर आडवा हात ठेवला.

आणि ठेवल्या ठेवल्या तो हात मला दिसला. माझा हात, सुरकुतलेला, कोळंबीने चिरलेला. पण तो मला माझा वाटेना. मला तो रेमीचा वाटला.

ताई, त्या दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात मी होते. इन्सा बंदरावर कोळंबी आणायला गेली होती आणि ते पोरगं आपल्या दोघींच्या मध्ये एकटं, त्याला आपली भाषा अर्धीमुर्धी. तू ओतत होतीस, त्याची खडीसाखर तडतडत होती, तो पीत होता. तू ओतलास की तो ‘धन्यवाद’ म्हणायचा आणि पुन्हा प्यायचा. मी मोजले, अकरा कप. सातव्याला त्याचा रंग गेला, नवव्याला तो खुर्चीच्या टोकावर आला. तू म्हणशील, चमचा कपात ठेवला की झालं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्या गावच्या शेंबड्या पोराला, ताई. लिऑनच्या नाही. त्याला वाटत होतं, चमचा ढवळायला असतो आणि आपण तर कुणी ढवळत नाही, म्हणून त्या बिचाऱ्याने तो अदबीने बशीत ठेवून दिला होता. त्याला आपल्यासारखंच वागायचं होतं! आणि बाराव्या वेळी तू किटली उचललीस तेव्हा त्याने हात आडवा धरला. त्याच्याकडे आणखी काय होतं आडवं धरायला?

आणि मला हे सगळं माहीत होतं. तुला वाटत होतं त्याला खरंच चहा आवडला, तू खुशीत होतीस. मला दिसत होतं की त्याला कळत नाहीये. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. मी मजा बघत बसले, मनातल्या मनात हसत, की बघू या परदेशी जावई किती टिकतो. हे मी दोन वर्षांत कुणाला सांगितलं नाही. तुझा राग मोठा होत गेला तसं ते सांगणं अवघड होत गेलं. तू त्याच्यावर रागावलीस, खरं तर माझ्यावर रागवायला हवं होतंस. आता रागव. कागद फाडू नकोस मात्र, मागच्या बाजूला मजकूर आहे.

ड्रिकेस माझ्या हाताकडे बघत उभा होता. मला वाटलं आता हा माणूस जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, झगा सोडून घरी जाईल. तो खाली वाकला, माझा हात उचलला, पेल्याखालचा पुठ्ठा काढून पेल्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘हात नको आजी, हात लागतो पुढच्या कामाला. पुरे झालं की हे झाकण ठेवायचं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तो सगळ्या टेबलाकडे वळला आणि ओरडला, ‘अरे नालायकांनो, म्हाताऱ्या बाईचं पोट फुटायला आलं आणि एकानेही सांगितलं नाही?’ सगळे माना खाली घालून हसत होते. मजा बघत होते ताई, अगदी माझ्यासारखी. तोच मघाचा ‘समुद्राकडची’ म्हणणारा सगळ्यांत जास्त.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. राग आला नाही त्याला, एवढी साधी गोष्ट. मी त्याला आपल्या चमच्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे चमचा आत, आमच्याकडे पुठ्ठा वर. आणि मधल्या गावच्या माणसाने काय करायचं?’ मी म्हटलं, मधल्या गावच्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. साडेआठला मी हॉटेलात होते, कडी लावली (इन्साला सांग, लावली होती) आणि पाच वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपले. खोका उशाशी.

गाडीला अजून वेळ आहे. शेजारच्या गृहस्थाने शेवटी पिशवी माझ्या मांडीवरच्या खोक्यावर ठेवू का असं विचारलं, मी नुसतं बघितलं. शेगडी जपून पेटव, रात्री पाय गरम ठेव, आणि एकडोळीला ओरडू नकोस, तिला त्या बाजूने दिसत नाही.

तुझीच धाकटी, आज्ञाधारक (हे लिहायचं असतं),
एल्स्के

ता. क. तुझ्या निळ्या कपाटात, चहाच्या डब्यांच्या मागे, उशीच्या अभ्र्यात झबलं आहे. मंगळवारी सकाळी तू कोंबड्यांना दाणे टाकायला गेलीस तेव्हा मी खोक्याची दोरी सोडली आणि झबलं तिथे ठेवलं. जिथे असायला हवं तिथे, म्हणजे तुझ्याजवळ. विसरले वगैरे काही नाही, चांगली ठरवून केलेली गोष्ट आहे. खोक्यात तुझा उन्हाळी पडदा आहे. होय, त्याच पडद्यासाठी पाचशे तेहतीस पायऱ्यांवर लोकांनी टोप्या काढल्या. तेव्हा पडद्याची काळजी नको, त्याला एवढा मान तुझ्या खिडकीत कधी मिळाला नव्हता. आणि टपालाचा विचार मनातसुद्धा आणू नकोस. घरच्याच माणसाच्या हाताने न्यायचं, हे तू मला दारात तीनदा ऐकवलंयस.

दुसरी ता. क. पाकिटात तिकीट आहे. पुढच्या शुक्रवारचं, एम्डन ते कोलोन, रात्री इथेच मुक्काम, शनिवारी सकाळी पावणेआठला पुढे. काल झोपण्याआधी स्टेशनवर जाऊन काढलं. परत करता येत नाही असलं मुद्दाम मागून घेतलं, खिडकीतली मुलगी म्हणाली असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. खोली तीच, माझीच. किल्लीसाठी हात पुढे करू नकोस, आधी नाव सांग. अर्धा कोंबडा मागू नकोस. नदीकाठी पाणी उतरायची वाट बघू नकोस. ड्रिकेसला सांगून ठेवलंय, कोपऱ्यातलं टेबल, तीन पेले, आणि तिसऱ्यानंतर तूच पुठ्ठा ठेवायचा. कोंबड्यांचं शेजारच्या फोक्केला सोमवारीच सांगितलंय, तो रोज दोनदा येईल. (तो तुला काही बोलला नाही ना? मी त्याला एक डझन अंड्यांवर गप्प बसवलं होतं. तुझ्याच कोंबड्यांच्या.) येताना सुई आणि लाल दोरा आण, झबल्याच्या काठावर पोरीचं अक्षर तुलाच काढायचं आहे, तुझ्या हाती सुई आल्यापासून सगळी तूच काढलीस. अक्षर कुठलं, ते मी आता सांगते, तू विचारलं नाहीस तरी. तुझ्याच नावाचं पहिलं. तुझंच नाव त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच तिला ठेवलं. रेमीने सुचवलं.

तिसरी ता. क., कारण तीन झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी उठत नाही. माझी गाडी लागली. तू शनिवारी संध्याकाळपर्यंत झबलं घेऊन लिऑनला आली नाहीस तर मी रडणार नाही, फोन करणार नाही, चिडणारही नाही. मी शांतपणे कात्री घेईन आणि त्या कोंबड्यांच्या पडद्याचं झबलं शिवीन. पोरगी तेच घालून भर चर्चमध्ये जाईल, फोटो निघतील, पुढच्या पाच पिढ्या बघतील. आणि शिवीन मी स्वतः, ताई. माझं शिवण तुला ठाऊक आहे.